वरची पायरी

“आता आणखी काय राहिलं?” वेल्डरने हातातलं फडकं जमिनीवर आपटलं.

बाई मचाणांभोवती फिरत राहिल्या. हँगरमध्ये दोन इंजिनांचं छोटं विमान उभं होतं आणि दोन्ही इंजिनांपाशी त्याने बनवलेली, चाकांची दोन मचाणं. त्यांवर चढून इंजिनं दुरुस्त करायची. बाई इथल्या मुख्य मेकॅनिक. त्यांची सही झाल्याशिवाय मचाणावर कुणी पाय ठेवायचा नाही.

पहिल्या खेपेला त्याने दोन्ही मचाणं एकसारखी केली. प्रोपेलरसाठी ठेवलेली खाच डावीकडे जुळली, उजवीकडे भलत्याच बाजूला गेली. “दोन्ही जोडे डाव्या पायाचेच शिवलेत की हो!” बाई हसल्या होत्या. दुसऱ्या खेपेला काठाला रबर नव्हतं; पंखाचा पत्रा खरवडेल म्हणून परत. आज तिसरी खेप. तोच टेम्पो, तीच चढव-उतर. त्याचा जीव मेटाकुटीला आला होता.

त्यात उजव्या मचाणाच्या शिडीची वरची पायरी. तिचा एक सांधा नीट धरलाच नव्हता. पुन्हा सगळं उघडायचा कंटाळा आला, तेव्हा त्याने भेगेत पुट्टी भरली आणि वर पिवळा रंग चोपडला. बाईंचा हात त्यावरून दोनदा फिरला. त्यांना काही कळलं नाही.

“कठडा चार बोटं वाढवा,” त्या म्हणाल्या.

“अहो, तुमच्या छातीला लागतोय तो! जिराफ भरती करताय की काय?”

“जिराफच म्हणा. बापावर गेलीय.”

“कोण?”

“तुमची धाकटी. सोमवारपासून इथे कामाला येणार. पत्र आजच निघालंय. बाबांच्या ओळखीनं लागली असं कुणी म्हणू नये, म्हणून अर्ज केल्याचं तुम्हांला बोलली नाही.”

वेल्डरची नजर वरच्या पायरीकडे गेली. तीन खेपांचा राग कुठल्या कुठे गेला.

बाईंनी पेन उघडलं. “चिडू नका आता. कठडा शनिवारी इथेच येऊन वाढवा. बाकी सगळं पास.”

त्याने पुढे होऊन कागदावर आपला काळवंडलेला पंजा ठेवला.

“सही करू नका, बाई,” तो म्हणाला, आणि पिशवीतली छिन्नी काढून वरच्या पायरीचा पिवळा रंग खरवडायला बसला.