चारशे तेरावा डाव

मेलेल्या माणसाची शेवटची इच्छा पुरी करावी, याबाबत जगातल्या सगळ्या धर्मांचं एकमत आहे. ती इच्छा बेटावर जाऊन पूल खेळण्याची असेल तर पुढं काय, यावर मात्र सगळेच धर्म गप्प आहेत.

त्यामुळे अंदमानातल्या दुसऱ्या दिवशी, लोक समुद्रात डुंबत असताना, अब्राहाम गायकवाड खिशात बुडबुड्याची स्पिरिट लेव्हल घालून पूल हॉल शोधत फिरत होते. दौंडला रेल्वेत रुळांची पातळी तपासण्यात त्यांची छत्तीस वर्षं गेली होती. टेबलच उतरतं असेल तर त्यावर खेळून कुणाच्या आत्म्याला शांती मिळणार, असा त्यांचा रोकडा प्रश्न होता.

ते एकटेच आले होते. विमानात शेजारची सीट रिकामी होती. तिचं तिकीट मांडवगण फराट्याच्या सर्जेरावांच्या नावावर होतं. हॉटेलच्या मॅनेजरनं विचारलं, "दूसरे साहब?" नोंद दोघांची होती म्हणून त्यानं विचारलं. तरी अब्राहामनी मागं वळून पाहिलं. खोलीत पाण्याचे दोन ग्लास भरून ठेवले होते. सकाळी दोन्ही रिकामे होते. दोन्ही आपणच प्यालो, असं त्यांनी ठरवून टाकलं.

सर्जेराव आणि ते तीस वर्षं एकमेकांविरुद्ध खेळले. आधी दौंडात रेल्वेच्या जुन्या क्लबात, आणि तिथलं टेबल भंगारात गेल्यावर शिरूरच्या एका पूल पार्लरमध्ये, कॉलेजच्या पोरांच्या गर्दीत. त्या पार्लरची जिम झाली, तेव्हा दोघांचे जिंकलेले डाव बरोबर चारशे बारा-चारशे बारा होते. सर्जेरावांना हे सोसेना. बागायतदार माणूस, सोसायटीची निवडणूक जिंकली तरी फेरमोजणी मागणारा. मोबाईलवर नारळीखाली मांडलेल्या पूल टेबलाचा फोटो दाखवून ते म्हणाले, "अब्राहाम, हितं जाऊ. एकच डाव. हरंल त्यानं मेल्यावर सुदीक तोंड उघडायचं न्हाई."

तिकिटं काढली. आठव्या दिवशी उसाला पाणी देताना सर्जेराव बांधावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत.

तेव्हापासून अब्राहामना झोप नव्हती. डोळा लागला की बॉलवर बॉल आपटल्याचा आवाज येई. सुरुवातीला ते उठून स्वयंपाकघरात पाहून येत. नंतर नुसते पडून मोजत राहत.

दशक्रिया भीमेच्या काठी झाली. श्रद्धांजलीची तीन भाषणं झाली, त्यातली दोन येत्या निवडणुकीबद्दल होती. मग पिंड ठेवला. शेजारी, हातभर अंतरावर, त्याच दिवशी वारलेल्या वच्छलाबाईंच्या घरच्यांनी त्यांचं पान मांडलं होतं. कावळे झाडावर बसून राहिले. सर्जेरावांच्या भावकीनं शब्द द्यायला सुरुवात केली: पुतण्या सुरजला सोसायटीवर घेऊ, बायको मुक्ताबाईंना काही कमी पडू देणार नाही, वरच्या रानात ठिबक बसवू. कावळ्यांना त्यात राम वाटला नसावा.

अब्राहाम मागं उभे होते. चर्चला जाणारा माणूस; इथं कुठं उभं राहायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. अर्धा तास गेला. मग ते डोळ्यांना रुमाल लावून पुटपुटले, "सर्जेराव, तो डाव मी खेळून येतो. तुझ्या वाटणीचा पण खेळतो."

रुमाल खाली येण्याआधीच गलका झाला, "शिवला! शिवला!" लोक हात जोडून उठले. अब्राहाम लहान मुलासारखे रडले. आता जायलाच हवं, असं ते मुक्ताबाईंना म्हणाले. सर्जेरावांच्या बायकोनं आधी पानाकडं पाहिलं, मग बराच वेळ त्यांच्याकडं.

"जाऊन या, भावजी," त्या म्हणाल्या. "तुमाला बरं वाटंल."

तर बेटावरच्या पहिल्या टेबलावर पर्यटकांचे टॉवेल वाळत होते. दुसऱ्याचं कापड खाऱ्या हवेनं ओलावलं होतं. बॉल चिखलातून बैल जावा तसा जाई. तिसरा हॉल मासळी बाजाराच्या मागं, पत्र्याच्या शेडमध्ये निघाला. अब्राहामनी टेबलावर लेव्हल ठेवली. बुडबुडा मधोमध येऊन थांबला. चारही कडांना ठेवून पाहिली, तरी तसाच. इतकी सरळ पातळी त्यांनी नोकरीत पाहिली नव्हती. त्यांना जरा भीतीच वाटली.

त्यांनी दोन काठ्या घेतल्या. आपले फटके ते उजव्या हातानं खेळले. सर्जेरावांचे डाव्या हातानं, कारण सर्जेराव डावरे होते. त्या हातानं अब्राहामनी जन्मात चमचाही धरला नव्हता. पण डाव्या हाताचे बॉल एकामागून एक पॉकेटात पडत गेले, कडेला न लागता, घाई न करता. शेवटचा काळा बॉल तोंडाशी क्षणभर रेंगाळला आणि आत गेला.

हॉलवाल्यानं कोण जिंकलं ते विचारलं. "तो," अब्राहाम म्हणाले. हॉलवाल्यानं रिकाम्या खुर्चीकडं पाहिलं आणि बॉल गोळा करायला घेतले.

दुपारी हॉटेलात ते आडवे झाले आणि चार तास झोपले. आवाज आला नाही. उठल्याबरोबर त्यांनी मुक्ताबाईंना फोन लावला.

"वहिनी, जिंकला तो. मोकळा झाला."

"व्हय का," मुक्ताबाई म्हणाल्या. "आन् तुमी? झोप लागली का?"

"लागली."

"मग झालं. निवांत फिरा आता."

इकडं मांडवगणात मुक्ताबाईंनी फोन ठेवला. ओट्याशी उभ्या असलेल्या सुरजनं विचारलं, "काकू, सांगितलं का त्यांना?" मुक्ताबाईंनी त्याला चहा गाळायला सांगितलं.

त्या दिवशी कावळा शिवला होता तो वच्छलाबाईंच्या पिंडाला. सर्जेरावांचा पिंड बारा वाजता कुत्र्यानं खाल्ला.