रिठ्याचं पाणी

संग्राम गेम खेळायचा कॉम्प्युटर एकेक भाग निवडून घरीच जुळवत होता. हुपरीहून कोल्हापूरला किती खेपा घातल्या, गणती नाही. ग्राफिक्स कार्ड तेवढं जुनं मिळालं. “काळं पडलंय, पण एक नंबर हाय,” म्हणत त्यानं ते आईच्या हातात दिलं आणि मॉनिटर आणायला एसटी धरली. चांदीच्या पैंजणांना उजाळा देण्यात आईचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. तो परतला तेव्हा कार्ड उन्हात लखलखत होतं. तिनं ते रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशनं घासलं होतं. बारीक भाग उखडले होते. “जल्मभर घासण्यापलीकडं तुला कळतंय काय?” तो ओरडला. आई हबकली, मग तिनं फडकं उलगडलं. चांदीचा चुरा वाचवायला गाळतात, तसं ते पाणी तिनं गाळलं होतं. “बघ की, एक कण बी मोरीत जाऊ दिला न्हाई.”