नव्व्याण्णवांपाशी

"न्हाई येत म्हंजी न्हाई येत," तात्याबा म्हणाला आणि त्याने फलाटावरच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली.

शांतवनला काही समजेना. दहा मिनिटांपूर्वी हाच म्हातारा आपणहून उठून बसला होता. घोंगडीची घडी खांद्यावर टाकून, "चला, काय कापायचं ते कापा एकदा," असेही म्हणाला होता. त्याचा उजवा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. संध्याकाळच्या आत पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पोचला नाही तर माणूस हाती लागणार नाही, असे डॉक्टरांनी सकाळीच बजावले होते.

शांतवन ख्रिस्ती मंडळीचा सुवार्तिक होता. गेली एकोणीस वर्षे तो दौंड स्टेशनाबाहेर उभा राहून प्रभूची वचने सांगत होता. ऐकायला कोणी थांबले नाही, की आत येऊन फलाटावर पडलेल्यांच्या जखमा धूत होता. मंडळीची एकुलती एक जुनी व्हॅन स्टेशनासमोर उभी असे. दौंड-शिरूरच्या गावागावांत त्याने वाटलेल्या पत्रिकांवर त्या गाडीचा फोन नंबर होता, आणि खाली एक ओळ: केव्हाही हाक मारा.

तशी हाक आज आली होती. संघर्ष नावाचा गाडीचा ड्रायव्हर तिचा निरोप घेऊन मघाशीच धावत आला होता.

"ब्रदर, न्हावऱ्याहून फोन हाय. उसाच्या फडावर बाई अडलीय. दुसरी गाडी मिळंना त्यांना. काय सांगू?"

शांतवनने शेजारीच बसलेल्या तात्याबाकडे पाहिले होते. हा म्हातारा यापूर्वी दोनदा दवाखान्यात नेताना निसटला होता. आज सुटला असता तर पुढच्या वेळी प्रेतच सापडले असते. "तिच्याजवळ घरची माणसं आहेत," तो म्हणाला होता. "यांचं कोणी नाही. यांना पोचवू, मग बघू."

संघर्ष मान खाली घालून गाडीकडे परतला होता. शांतवन वळला, तेव्हा तात्याबाने घोंगडी पुन्हा अंथरली होती.

"आबा, भीती वाटते का?"

"ती गाडी—"

"गाडीची काळजी करू नका. ती तुमच्यासाठीच थांबलीय."

तात्याबाने खांब आणखी घट्ट धरला. शांतवन त्याच्याशेजारी फरशीवर बसला आणि त्याने हजारदा सांगितलेली गोष्ट सांगू लागला. एका मेंढपाळाची शंभर मेंढरे होती. एक हरवले. तेव्हा नव्व्याण्णव रानात सोडून तो त्या एकाच्या शोधात निघाला. "आबा, ते एक मेंढरू आज तुम्ही आहात."

निमोण्याच्या तात्याबाचा सगळा जन्म मेंढरांमागे गेला होता. त्याने गोष्ट नीट ऐकून घेतली.

"आन् नव्व्याण्णवांपाशी कोण थांबलं?"

"कोणी नाही."

"कुत्रं?"

"गोष्टीत कुत्रं नाही, आबा."

"जाळी तरी लावली व्हती का भवतीनं?" उत्तराची वाट न पाहता तात्याबा हसला. "असल्या गड्याला आमच्या मेंढरांच्या वाड्यावर कुणी भाकर घातली नसती, पाद्रीबाबा. एक चुकलं तर आधी कळपापाशी माणूस उभा करायचा. माणूस नसंल, तर चुकलेलं चुकू द्यायचं. शेंबड्या पोराला कळतं हे."

एकोणीस वर्षांत हा प्रश्न शांतवनला कोणी विचारला नव्हता. त्याने तो बाजूला सारला. म्हातारा बोलण्यात वेळ काढतो आहे, असे त्याला वाटले. त्याने समजावले, हात जोडले, डोळे मिटून प्रार्थना केली. सोलापूरची गाडी येऊन गेली. अखेर दोन हमालांना हाताशी घेऊन त्याने तात्याबाला उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा म्हातारा असा ओरडला की फलाटावरची माणसे गोळा झाली.

"बाटवायला न्यायलेत रं म्हाताऱ्याला!" गर्दीतून कोणीतरी म्हणाले. दोघा-तिघांनी मोबाइल वर धरले. शांतवनने हात काढून घेतले.

तासभर असाच गेला. मग गर्दीतून वाट काढत संघर्ष आला. या वेळी तो धावत नव्हता.

"ब्रदर, न्हावऱ्याचा फोन व्हता. गाडी नको म्हणाले आता." तो थांबला. "ट्रॅक्टरवर घालून निघाले व्हते. बाई वाटंतच गेली. पोटातलं बी गेलं."

 जखम पुसायचा ओला बोळा शांतवनच्या मुठीतून फरशीवर ठिबकत राहिला.

तात्याबाने खांबाची मिठी सोडली. घोंगडी झटकली, तिची नीट घडी घातली, मघासारखी खांद्यावर टाकली आणि आधारासाठी शांतवनपुढे हात केला.

"चला, न्या मला," तो म्हणाला. "आता गाडी मोकळी झाली."