चार बोटांची पावलं

नातवाची शाळा पायी पाच मिनिटं, हर्षलला रायपूरच्या गाडीसाठी स्टेशन जवळ, बाजार हाकेवर. पोराच्या साऱ्या अटी पाळून शेषरावांनी पद्मनाभपुरात कोरं घर शोधलं. बायको वच्छला वारल्यापासून भिलाईच्या क्वार्टरात ते भिंतींशीच बोलत होते. आतातरी पोरगा सोबत राहायला येईल.

फोनवर हर्षल म्हणाला, “तुम्हीच पाहून घ्या न बाबा, मले टाइम नाही.”

“तुही माय गेली तवाबी नव्हता तुले टाइम!” शेषरावांनी फोन कापला आणि नव्या घराचं कुलूप काढलं.

उंबऱ्यापासून आत महालक्ष्मीची पिठाची पावलं काढलेली होती. प्रत्येकाला चारच बोटं. वच्छला दरसाल पाचवं बोट विसरायची.

पावलांच्या बाजूनं पुरुषी चपलांचे ठसे आत गेले होते. परतीचा एकही नव्हता.

शेषराव अजून दाराबाहेरच उभे होते. त्यांनी पायातली चप्पल काढून उलटी करून पाहिली. तळाला ताजं पीठ होतं.