पलंगाखालची टकटक

लेक दहा मिनिटांत झोपली की बापाला मॅच निवांत बघायला मिळायची, वर "तुझ्या हाताला गुण आहे!" असं बायकोचं कौतुकही. एवढी मिळकत सोडतो कोण? लेक मात्र हल्ली रोज अंथरूण ओलं करायची. "घोडी झालीस, बाथरूमला जाता येत नाही?" म्हणत आई सकाळी धपाटा घालायची. आज रात्री आई वाळलेली चादर घेऊन खोलीत शिरली, तर नवरा लाटण्यानं पलंगाखाली टकटक करत होता. "आला बघ राक्षस! डोळे उघडलेस, पाय खाली टाकलास, तर नेईल!" बायकोला बघून त्यानं डोळा मारला. "गप झाली की नाही?" तिला शिसारी आली, त्याची आणि स्वतःच्या धपाट्यांचीही. तिनं लेकीला उचललं. चड्डी भिजलेली होती. डोळे घट्ट मिटून, आईच्याच छातीशी थरथरत पोर म्हणाली, "नेऊ नका ना हो, मी झोपलेय."