बॅटरी कोण खातंय?

दुपारभर चाकाची घरघर ऐकू यायची, तरी संध्याकाळी बॅटरी रिकामीच. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि कुठे ते सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. सुनेचा मोबाइल!

वादळात गेलेली वीज अजून आली नव्हती. मागच्या खोलीत मेकॅनिकने जुनी सायकल स्टँडवर चढवून चाकाला पट्ट्याने जनरेटर जोडून दिला होता. त्याच्या तारा चिमट्यांनी बॅटरीला लावल्या की सून पायडल मारायची, बॅटरी भरायची, आणि त्या बॅटरीवर सासऱ्यांचं दम्याचं वाफेचं मशीन चालायचं. काल ते मध्येच बंद पडलं. सासऱ्यांचे ओठ निळे पडले.

"आई, उतरल्यावर बॅटरीचे चिमटे मीच काढत जाऊ का?" सुनेने जेवताना विचारलं. "तो मेकॅनिक सांगत होता की..."

"काही गरज नाही. तारांना हात लावायचा नाही. मी लावते, मीच काढीन."

बघा! चिमटे हिच्या हाती दिले की मोबाइल जोडायला रान मोकळं. एवढ्या दुधखुळ्या नव्हत्या त्या.

रोज त्या दुपारी झोपून, उठून, चहा घेऊन मग चिमटे काढायला जायच्या. आज नुसतं झोपेचं सोंग घेतलं. जरा वेळाने घरघर मंदावली, पण थांबली नाही. बारीक आवाजात चालूच राहिली. सापडली! अनवाणीच जाऊन त्यांनी मागचं दार ढकललं.

सीटवर कोणी नव्हतं. सून जमिनीवर, घामाने निथळत, हाताची उशी करून गाढ झोपली होती. मोबाइल कुठेच दिसेना. पायडलं जराही हलत नव्हती आणि चाक मात्र आपलं आपण फिरत होतं.

"अगं बाई!" सासूबाई चरकल्या. बॅटरीपाशी वाकून त्यांनी चिमटा उपटला. चाक थांबलं. परत टेकवला, तर ठिणगी उडाली आणि चाक पुन्हा गरगरायला लागलं. पायडलं थांबली की सुनेने भरलेली बॅटरीच जनरेटरला मोटरसारखं चालवून चाक फिरवत बसायची आणि रिकामी व्हायची, रोज, यांचा चहा होईपर्यंत.

शरमेने त्यांचे कान तापले. त्यांनी दोन्ही चिमटे काढले. तेवढ्यात सून दचकून उठली. सासूबाईंनी चिमटे तिच्यापुढे धरले.

सुनेने चिमट्यांकडे पाहिलं, सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, आणि दोन्ही हात पाठीमागे नेले.

"शप्पथ आई, मी नाही हात लावला."