शेवटचा हिरा

आमच्या जूराच्या खोऱ्यात घड्याळाच्या तबकडीवर हिरा बसवताना श्वास रोखतात, हात हलू नये म्हणून. म्हातारा आन्सेल्म या तबकडीचा शेवटचा हिरा बसवायला श्वास रोखून वाकला, तो तसाच गेला. उरलेलं काम माझ्या टेबलावर आलं.

खऱ्या हिऱ्यावर श्वासाची वाफ टिकत नाही. पण त्याने बसवलेले हिरे सकाळपासून धुरकटत होते, निवळत होते, पुन्हा धुरकटत होते.

"ओडील, हे हिरे श्वास घेतायत गं."

"आधी तुझं भिंग पूस, बये!" शेजारच्या टेबलावरून ती हसली.

मी श्वास रोखला आणि शेवटचा हिरा दाबून बसवला. सगळे हिरे एकदम लख्ख झाले.

"बसला ना? मग सोड की श्वास!"

मी सोडला. माझ्या ओठांतून काहीच बाहेर आलं नाही. हिरे मात्र सावकाश धुरकटले.